रॅमचा टंच

कॉम्प्युटरचा इतिहास म्हटला की सगळं फुटेज प्रोसेसर खातो. पेंटियम, सेलेरॉन, अ‍ॅथलॉन, रायझन... प्रत्येकाची जन्मकथा सांगणारा एकतरी मित्र आपल्या ग्रुपमध्ये असतोच. रॅम मात्र बिचारी कायम साईड हिरॉईन. तिच्याबद्दल प्रश्न एकच, "किती जीबी?" तिचा वेग किती, तो कोणी ठरवला आणि खोक्यावर छापलेला आकडा प्रत्यक्षात चालू आहे का, हे विचारायला कोणाला सवड नसते.

पण माझ्या मते रॅमच्या वेगाचा इतिहास हा तंत्रज्ञानाचा कमी आणि भरवशाचा जास्त आहे. आकडा कोणी लिहिला? कोणाच्या जिवावर लिहिला? आणि तो खोटा निघाला तर भुर्दंड कोणी भरायचा? गेली चाळीसेक वर्षं ह्या तीन प्रश्नांभोवतीच सगळं फिरतंय. आणि हे तीन प्रश्न मला नीट समजले ते कुठल्याही मॅन्युअलमधून नाही, तर हुपरीत.

ज्यांना हुपरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातलं हे गाव. 'चंदेरी नगरी' म्हणून ओळखलं जातं. तुमच्या आजीच्या पायातले वाळे, लग्नातली जोडवी, भाचीच्या बारशाचे पैंजण, ह्यातलं काहीतरी हुपरीत किंवा शेजारच्या रेंदाळ-यळगूडमध्ये घडलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. मोठे कारखाने कमी, घरोघरी काम जास्त. कोणी चांदी आटवतो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या वळतो, घरातल्या बायका साखळ्या जोडतात, कोणी घुंगरू बसवतो. एक पैंजण पुरा व्हायला पाच-सात घरं फिरून येतो म्हणा ना.

आणि ह्या सगळ्या घरांमधून फिरणारा एक शब्द म्हणजे टंच. शंभर भागांत शुद्ध चांदी किती भाग, तो टंच. साठ टंचाचा माल म्हणजे शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅम चांदी, बाकी तांबं वगैरे. आता ह्यात एक गंमत आहे. टंच कमी असणं म्हणजे फसवणूक नव्हे! शुद्ध चांदी मऊ असते, तिचा नाजूक पैंजण रोजच्या वापरात टिकणार नाही. शिवाय कड्या जोडायला जो डाख लागतो त्यात हलके धातू असतात, त्यामुळे तयार दागिन्याचा टंच मूळ चांदीपेक्षा खालीच येतो. फसवणूक कधी होते? साठ टंचाच्या मालावर ऐंशीचा भाव लावला की. थोडक्यात, आकडा लहान असण्यात पाप नाही, आकडा आणि माल वेगवेगळा असण्यात आहे.

हे डोक्यात ठेवा, आता रॅमकडे येऊ.

गेल्या दिवाळीत मावशीकडे हुपरीला होतो. मावसभावाने पैंजणांची डिझाईन्स कॉम्प्युटरवर करायला घेतली आहेत, आणि त्याच मशीनवर काकांचा चांदीचा हिशेबही असतो. त्याने प्रोसेसर बदलून घेतला होता. नवा प्रोसेसर जुन्या मदरबोर्डला ओळखू यावा म्हणून दुकानदाराने बायॉस अपडेट करून दिला, सोबत आणखी दोन रॅम स्टिक टाकल्या. मशीन घरी आलं आणि थ्रीडी डिझाईन फिरवताना अडखळायला लागलं.

"दादा, ह्ये बघ की जरा. पैसे घालून मशीन हळू झालंय."

टास्क मॅनेजर उघडला. मेमरीच्या पानावर वेग २१३३. खोक्यावर ठळक अक्षरांत ३२००.

"मग खोक्यावर ३२०० कशाला छापलंय? साठ टंचाच्या पैंजणावर ऐंशीचा शिक्का मारल्यागत झालं हे!"

त्याला मी तिथल्या तिथे जे उत्तर दिलं ते पाच मिनिटांचं होतं. खरं उत्तर बरंच लांब आहे, ते असं.

१९६६ साली आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड ह्या इंजिनिअरला सुचलं की एक ट्रान्झिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर एवढ्यावर एक बिट साठवता येईल. १९६८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि आज आपण जिला डायनॅमिक रॅम म्हणतो ती जन्माला आली. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली, क्षमता फक्त एक किलोबिट. ह्या रॅमची अडचण अशी की कपॅसिटरमधला चार्ज गळत राहतो. रांजणाला बारीक तडा असावा तसं. त्यामुळे दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक बिट वाचून परत भरावा लागतो. म्हणजे वेळापत्रक हे ह्या रॅमच्या हाडातच आहे. किती वेळ थांबायचं, कधी वाचायचं, कधी परत भरायचं, ह्यात घाई केली तर चुकीचा बिट हाती येतो आणि फार उशीर केला तर बिट गळून जातो.

१९८१ मध्ये आयबीएम पीसी आला तेव्हा हे वेळापत्रक बोर्डावरच कोरलेलं होतं. १४.३१८ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलला तीनने भागलं की प्रोसेसरचा ४.७७ मेगाहर्ट्‌झ वेग मिळायचा, आणि बाकी सगळं त्या तालावर. युजरने करायचं काय, तर रॅम किती आहे ते बोर्डावरचे इवलेसे स्विच वर-खाली करून सांगायचं. मेन्यू नाही, सेटिंग नाही. तेव्हाची बायॉस रॉममध्ये पक्की बसवलेली असे. ('बायॉस' हा शब्द मात्र आयबीएमचा नाही बरं का. तो गॅरी किल्डालच्या सीपी/एम ह्या ऑपरेटिंग सिस्टीममधून आला, सत्तरच्या दशकातला.)

१९८४ च्या पीसी/एटीमध्ये एक छोटा पण महत्त्वाचा बदल झाला. घड्याळाच्या चिपमध्येच ६४ बाईटची एक सीमॉस मेमरी होती आणि तिला बॅटरी जोडलेली होती. घड्याळाला १४ बाईट, उरलेले ५० सेटिंग्जसाठी. आपण आजही ज्याला 'सीमॉस रिसेट कर' म्हणतो त्याचं मूळ ह्या ५० बाईटमध्ये आहे. सेटिंग्ज ठेवायला जागा मिळाली म्हटल्यावर सेटिंग्ज वाढणारच. बायॉसच्या निळ्या पडद्यावर पुढे 'वेट स्टेट' नावाचा पर्याय आला. प्रोसेसर पळतोय जोरात, रॅम मागे पडतेय, मग प्रोसेसरने एक ठोका थांबायचं की दोन, हे तुम्ही ठरवायचं. कमी थांबलात तर मशीन सुसाट, फार कमी थांबलात तर हँग!

ह्या काळात रॅमचा 'टंच' चिपच्या पाठीवर छापलेला असे. मायनस सात म्हणजे ७० नॅनोसेकंद, मायनस सहा म्हणजे ६०. वाचायचं माणसाने आणि बायॉसमध्ये भरायचंही माणसाने. ७२ पिनांच्या सिममध्ये चार पिना राखून ठेवल्या होत्या, त्या कशा जोडल्यात त्यावरून बोर्डाला क्षमता आणि वेग ह्यांचा अंदाज यायचा. चार पिनांत सांगून सांगून सांगणार किती?

मोठा बदल आला तो नव्वदच्या दशकात, एसडीरॅमबरोबर. जेडेक ही इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांची मानकं ठरवणारी संस्था. तिने १९९३ मध्ये एसडीरॅमचं मानक काढलं. मग रॅमच्या प्रत्येक स्टिकवर एक आठ पायांची बारकी चिप आली, जिचं नाव 'सिरियल प्रेझेन्स डिटेक्ट', लाडाने एसपीडी. २५६ बाईटची ही चिप म्हणजे रॅमची कुंडली. मी कोणाची, किती क्षमतेची, कोणत्या वेगाला किती ठोके थांबावं लागतं, सगळं त्यात लिहिलेलं. मशीन सुरू झालं की बायॉस आधी ही कुंडली वाचते आणि त्याप्रमाणे वेळापत्रक लावते. १९९८ मध्ये इंटेलने ४४०बीएक्स चिपसेट आणला, सोबत पीसी१०० हे स्पेसिफिकेशन, आणि त्यात एसपीडी सक्तीची केली. त्यानंतर सामान्य माणसाला नॅनोसेकंद मोजायची गरज उरली नाही. रॅम खोचा, बटण दाबा.

पण ते वर्षच मोठं बेरकी होतं. ३०० मेगाहर्ट्‌झचा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, बस ६६ वरून १०० ला न्यायची आणि ४५० मेगाहर्ट्‌झ फुकटात पदरात पाडून घ्यायचे, हा उद्योग जगभर चालला होता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पार्ट जमवून असेंबल्ड पीसी बांधणाऱ्या पोरांची ती पिढी. आपण विकत घेतलेल्या वस्तूची खरी ताकद लेबलापेक्षा जास्त असू शकते, हा शोध तेव्हा सर्वसामान्यांना लागला. आणि त्याचीच दुसरी बाजू, जुन्या प्रोसेसरवरचा आकडा खरवडून वरचा आकडा छापून विकणारेही त्याच काळात फोफावले. हुपरीच्या भाषेत, टंच वाढवलेला माल.

बायॉस अपडेट करणं हे प्रकरणही ह्याच दशकातलं. रॉमच्या जागी फ्लॅश चिप आली आणि बायॉस घरबसल्या बदलता यायला लागली. जे सॉफ्टवेअरने बदलता येतं ते सॉफ्टवेअरने पुसताही येतं, हे २६ एप्रिल १९९९ ला कळलं. तैवानच्या चेन इंग-हाऊ ह्या विद्यार्थ्याच्या सीआयएच व्हायरसने त्या दिवशी जगभरात हार्डडिस्कचा डेटा तर उडवलाच, शिवाय कित्येक मदरबोर्डांच्या बायॉसची पाटी कोरी केली. चिप बदलल्याशिवाय मशीन चालूच होईना. फर्मवेअर हा कॉम्प्युटरचा कुळाचार आहे, तो विसरला की घर बंद, हा धडा.

त्याच सुमारास वेग कोण ठरवणार ह्यावरून खरं युद्ध झालं. इंटेलने १९९६ मध्ये रॅम्बस कंपनीशी करार केला आणि पुढची रॅम आरडीरॅमच असेल असं ठरवून टाकलं. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यासाठी ८२० चिपसेट आणला. आरडीरॅम महाग, लोक घेईनात. मग जुनी एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये एक दुभाषी चिप घातली, तर तीच सदोष निघाली आणि मे २००० मध्ये इंटेलला ते मदरबोर्ड बदलून द्यावे लागले. दरम्यान व्हीआयएसारख्या कंपन्यांनी साधी, स्वस्त पीसी१३३ पुढे रेटली, जेडेकने २००० मध्ये डीडीआरचं मानक काढलं आणि बाजार तिकडे गेला. एका कंपनीने ठरवलेल्या टंचापेक्षा पंचांनी मिळून ठरवलेला टंच टिकला. डीडीआर२ (२००३), डीडीआर३ (२००७), डीडीआर४ (२०१२) आणि डीडीआर५ (२०२०) ही त्याच घराण्यातली पुढची नावं.

पंचांचा कारभार म्हटला की एक गोष्ट ओघाने येते, ते सावध असतात. जेडेकचा आकडा असा हवा की जो कोणत्याही कंपनीच्या रॅमला, कोणत्याही बोर्डावर, मे महिन्याच्या उन्हातसुद्धा जमेल. पण एकाच वेफरमधून निघालेल्या सगळ्या चिप्स सारख्या नसतात. काही जात्याच चपळ निघतात. त्या वेचून काढायच्या, थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, लाल-निळं हीटसिंक चढवायचं आणि महाग विकायच्या, हा धंदा सुरू झाला. फक्त हे जादा आकडे लिहायचे कुठे? २००६ मध्ये एनव्हिडिया आणि कोर्सेअरने एसपीडीच्या मोकळ्या जागेत ईपीपी नावाने ते लिहिले. २००७ मध्ये इंटेलने डीडीआर३ साठी एक्सएमपी आणलं आणि तेच रूढ झालं. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर५ साठी स्वतःचं एक्स्पो काढलं.

आता मावसभावाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं बघा. त्याच्या रॅमच्या कुंडलीत दोन आकडे आहेत. एक पंचांचा, २१३३, १.२ व्होल्टवर. दुसरा कंपनीचा, ३२००, १.३५ व्होल्टवर. खोक्यावर छापतात दुसरा. मशीन पहिल्यांदा सुरू होताना वापरतं पहिला. दुसरा हवा असेल तर बायॉसमध्ये जाऊन कोणीतरी माणसाने 'हो' म्हणावं लागतं. जुन्या बायॉसमध्ये कोणीतरी ते म्हटलं होतं, अपडेट झाल्यावर ते 'हो' पुसलं गेलं.

का पुसलं जातं? तर सेटिंग्ज म्हणजे ठरावीक जागी ठेवलेले आकडे. नव्या आवृत्तीत त्या जागांचा अर्थ बदललेला असू शकतो. पूर्वी जिथे रॅमचं व्होल्टेज होतं तिथे आता दुसरंच काही असेल तर? म्हणून नवी बायॉस जुनी वही फाडते आणि पंचांच्या आकड्यापासून सुरुवात करते. त्रासदायक वाटतं, पण शहाणपणाचं आहे.

फरक किती पडतो? डीडीआर४ २१३३ ला एका चॅनेलची क्षमता सेकंदाला सुमारे १७ जीबी, ३२०० ला २५.६. थांबण्याचा वेळ पाहिला तर २१३३ ला १५ ठोके म्हणजे सुमारे १४ नॅनोसेकंद, ३२०० ला १६ ठोके म्हणजे १०. वर्ड-एक्सेलला हे कळणारही नाही. पण मावसभावाच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ह्याच रॅममधून जेवतं. म्हणून पैंजण पडद्यावर फिरवताना अडखळत होता. (जाता जाता एक गंमत. १९९८ च्या पीसी१०० रॅमची क्षमता सेकंदाला ८०० एमबी होती, डीडीआर५ ६००० ची ४८ जीबी, म्हणजे साठपट. पण थांबण्याचा वेळ? तेव्हा चांगल्या रॅमला २० नॅनोसेकंद, आता चांगल्या रॅमला १०. रस्ता साठपट रुंद झाला, सिग्नलला थांबणं जेमतेम निम्मं झालं.)

मग मी एक्सएमपी चालू केलं आणि विषय संपला? नाही ना. कारण कंपनीचा आकडा रॅमपुरता असतो, मशीनपुरता नाही. २००३ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन ६४ मध्ये आणि २००८ मध्ये इंटेलने नेहॅलेममध्ये मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात घेतला. तेव्हापासून रॅमचा वेग हा रॅम, बोर्ड, प्रोसेसर आणि फर्मवेअर ह्या चौघांचा संसार आहे. २०१७ मध्ये पहिले रायझन आले तेव्हा दोन साध्या स्टिकला अधिकृत वेग होता २६६७, आणि चार दुहेरी स्टिक लावल्या की १८६६! लोकांच्या रॅम खोक्यावरच्या वेगाला चालेनात. त्याच मे महिन्यात एएमडीच्या एजेसा फर्मवेअरची १.०.०.६ आवृत्ती आली, तिने मेमरीची २६ नवी सेटिंग्ज उघडली आणि तीच रॅम, तोच बोर्ड पुष्कळ सुधारला. म्हणजे फर्मवेअर अपडेटने वेग जातो तसा येतोही. उलटंही घडलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे काही प्रोसेसर जळाल्याच्या बातम्या आल्या. एक्स्पो चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज जास्त चढवत होते. एएमडीने नव्या फर्मवेअरमधून त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्या वेळी अपडेट न करणं हाच धोका होता.

आमच्या मशीनमध्ये आता दोन जुन्या आणि दोन नव्या अशा चार स्टिक होत्या. एक्सएमपी चालू केल्यावर विंडोज झक्क सुरू झालं, पैंजण लोण्यासारखा फिरायला लागला. मावसभाऊ खूश. मी रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी पडद्यावर लाल ओळी. फार नाही, मोजून तीन चुका.

"तीनच न्हवं? चालतंय की," मावसभाऊ म्हणाला.

इथे काका मध्ये पडले. त्यांनी विचारलं, तीन चुका म्हणजे नेमकं काय होतं? मी वहीवर मांडून दाखवलं. समजा कारागिराने १२५० ग्रॅम चांदी परत केली. कॉम्प्युटरच्या पोटात हा आकडा १००१११०००१० असा आहे. ह्यातला पहिला एकच १ चुकून ० झाला की उरतात २२६ ग्रॅम. एक किलो चोवीस ग्रॅम चांदी गायब. ना चोरी, ना घट, ना कुठे एरर मेसेज. २०२५ मध्ये चांदी किलोला एक लाखाच्या वर गेली होती, म्हणजे लाखाच्या वरचा खड्डा.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हिशेबात चांदी कमी आली की पहिला संशय कारागिरावर जातो बघ. मशीनवर कोण घेत नाही." आणि मग, "शिक्का मारणारा येगळा आणि कस बघणारा येगळा पायजे. खोक्यावर कायबी असू दे, आपल्या भट्टीत काय निघालं ते धरायचं."

मी वेग ३२०० वरून २९३३ वर आणला. पुन्हा रात्रभर टेस्ट. शून्य चुका. मशीन तिथेच ठेवलं. मावसभावाची थोडी नाराजी राहिली, पण डिझाईन फिरायला पुरेसं आहे, हे त्यानेही मान्य केलं.

काकांचं वाक्य ऐकून मला पहिल्यांदा जाणवलं की ह्या चुका काही दंतकथा नाहीत. २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांवर झालेल्या अभ्यासात एका वर्षात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी स्टिकमध्ये चुका सापडल्या होत्या, आणि त्या सर्व्हरांत चूक पकडणारी ईसीसी रॅम होती म्हणून तर त्या मोजता आल्या! आपल्या घरच्या-दुकानच्या मशीनमध्ये सहसा ईसीसी नसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये अंतर्गत दुरुस्ती असते खरी, पण चिप ते प्रोसेसर ह्या रस्त्यावर जे बिघडतं त्याला तिचा उपयोग नाही. आणि वेग चढवल्यावर जास्त बिघडतं ते त्याच रस्त्यावर.

आता खोक्यावरच्या शिक्क्याचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण मावसभावाची तक्रार अगदीच पोरकट नव्हती. अमेरिकेत ग्राहकांनी हीच तक्रार कोर्टात नेली. खोक्यावर छापलेला वेग बायॉसमध्ये हात घातल्याशिवाय मिळत नाही, मग तो असा ठळक छापता कसा? डीडीआर४ चा २१३३ च्या वरचा आणि डीडीआर५ चा ४८०० च्या वरचा वेग छापलेल्या रॅमबद्दल हे दावे होते. कोर्सेअरने २०२५ मध्ये ५५ लाख डॉलरची तडजोड केली, जी.स्किलने २४ लाख डॉलरची, दोघांनीही आरोप मान्य न करता. रक्कम त्यांच्या धंद्याच्या मानाने किरकोळ, पण मुद्दा मान्य झाल्यासारखाच आहे: शिक्क्याशेजारी अट छापा.

आपल्याकडे दागिन्यांचा प्रवासही ह्याच वाटेने झाला. सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये आलं, चांदीचं २००५ मध्ये, आणि सोन्याला टप्प्याटप्प्याने सक्ती २०२१ मध्ये. म्हणजे बनवणाऱ्याने स्वतःच मारलेल्या शिक्क्याकडून त्रयस्थाने तपासून मारलेल्या शिक्क्याकडे. रॅमच्या जगात जेडेक मानक ठरवते, पण तुमच्या चार स्टिक तुमच्या बोर्डावर तपासणारं केंद्र कुठेच नाही. ते केंद्र तुम्ही स्वतः.

तेव्हा बायॉस अपडेट करणार असाल तर एवढं करा. आधी बायॉसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढा. जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेलं प्रोफाईल नवी आवृत्ती घेईलच असं नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएस शिवाय अपडेट करू नका, मध्येच लाइट गेली तर सीआयएचचा अनुभव घरबसल्या मिळेल :) अपडेटनंतर, विशेषतः डीडीआर५ वर, पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड तेव्हा रॅमशी नव्याने ओळख करून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका. मशीन आधी डीफॉल्टवर नीट चालतंय ना ते बघा, मगच एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये वेग तपासा (एखादं सॉफ्टवेअर ३२०० ऐवजी १६०० दाखवत असेल तर दचकू नका, डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा देते, म्हणून ठोके निम्मे). मग एक पूर्ण रात्र मेमटेस्ट. एक जरी चूक आली तरी एक पायरी खाली. 'मोजून तीनच' असं मनाला समजावू नका.

तुमच्या मशीनवर गेम असतील तर एखादा चुकलेला बिट म्हणजे फार तर पडद्यावर एक वाकडा ठिपका. पण त्यावर कोणाचा पगार असेल, कोणाचे मार्क असतील, कोणाची उधारी असेल, तर चूक तुमच्या मशीनची आणि बोट दाखवलं जाणार तिसऱ्याकडेच. ३२०० आणि २९३३ मधला फरक डोळ्यांना दिसत नाही. १२५० आणि २२६ मधला दिसतो, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो.

असो. ह्या शनिवार-रविवारी मशीन उघडून एकदा बघाच, तुमच्या रॅमचा टंच किती निघतो ते.